दुसऱ्या महायुद्धातली इटालियन विमानं: मॉडेल करणाऱ्यांसाठी धागा

पंखवेडी

नमस्कार मंडळी,

आपल्याकडे मॉडेलिंगच्या धाग्यांवर स्पिटफायर, मस्टँग आणि मेसरश्मिटचीच चलती असते. नॅट, मारुत आणि मिग-२१ वरही चांगलं लिहून आलंय. इटलीकडे मात्र फारसं कोणी फिरकत नाही. मी गेली काही वर्षं १/७२ आणि १/४८ मध्ये (खऱ्याच्या ७२ वा किंवा ४८ वा भाग, या मापात) बहुतेक इटालियन विमानंच करतेय आणि आता त्यातून बाहेर पडावंसंच वाटत नाही. म्हणून हा धागा.

आधी एक ठाम मत मांडते, मग बाकीचं. इटालियन विमान करायचं तर 'माक्की सी.२०२' हे लढाऊ विमान करायचं असं ठरवून भागत नाही. कुठलं एक सी.२०२ ते ठरवावं लागतं. कुठल्या कारखान्यातलं, कुठल्या तुकडीतलं, कुठल्या महिन्यातलं. ते ठरलं की रंगाचे निम्मे प्रश्न सुटतात. ते न ठरवता रंगवायला बसलात तर डब्यावरच्या चित्राच्या भरवशावर राहावं लागतं, आणि डब्यावरचं चित्र हा पुरावा नव्हे.

सी.२०२ फोल्गोरेचंच उदाहरण घेते, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. मारियो कास्तोल्दी हा त्याचा रचनाकार. याच माणसाने एम.सी.७२ हे शर्यतीचं समुद्री विमान बनवलं होतं. २३ ऑक्टोबर १९३४ रोजी फ्रान्चेस्को आजेल्लोने ते ताशी ७०९ किलोमीटर वेगाने उडवलं. पिस्टन इंजिनाच्या समुद्री विमानांमध्ये तो विक्रम आजही कायम आहे. एवढी अक्कल हाताशी असूनही युद्धाच्या तोंडावर इटलीकडे लढाऊ विमानासाठी द्रवशीतित इंजिन नव्हतं. म्हणून कास्तोल्दीचं आधीचं सी.२०० सायेत्ता हे फियाटच्या १४ सिलिंडरच्या गोल इंजिनावर उडालं. त्याचं तोंड रुंद आणि ताकद ८७० अश्वशक्ती. मग जर्मनीतून डाइमलर-बेन्झ ६०१ हे द्रवशीतित इंजिन आलं, ते जवळपास त्याच पंखांवर आणि शेपटीवर बसवलं, आणि १० ऑगस्ट १९४० ला फोल्गोरे पहिल्यांदा उडालं. ताशी ६०० किलोमीटरच्या आसपास वेग. नाकावरच्या दोन १२.७ मिलिमीटर मशीनगन मात्र तशाच राहिल्या, आणि शेवटपर्यंत वैमानिकांची तीच तक्रार होती.

किट उघडल्यावर पहिली गोष्ट बघा: डावा पंख उजव्यापेक्षा लांब आहे. खऱ्या विमानात हा फरक सुमारे २० सेंटिमीटरचा. नाकावरचा पंखा (प्रोपेलर) कॉकपिटमधून पाहिला तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून विमान डावीकडे झुकू पाहतं. कास्तोल्दीने डाव्या पंखाला थोडी जास्त उचल देऊन ते सावरलं. १/७२ मध्ये हा फरक जेमतेम ३ मिलिमीटरचा होतो, १/४८ मध्ये ४ च्या पुढे. साचा बिघडलाय असं समजून टोक घासायला कानस घेऊ नका. चांगल्या किटात तो फरक असायलाच हवा, आणि नसेल तर ते किट कास्तोल्दीचं विमान दाखवत नाही.

आता रंग. १९४१ मध्ये इटालियन हवाई दलाने रंगांचा नवा तक्ता काढला, त्याला 'ताव्होला १०' म्हणतात. सी.२०२ साठी त्यातले तीन महत्त्वाचे: वरून नोच्चोला क्यारो ४ (हेझलनटच्या सालीचा फिकट तपकिरी), त्यावर व्हेर्दे ओलिव्हा स्कुरो २ (गडद ऑलिव्ह हिरवा), खालून ग्रिजो अझ्झुर्रो क्यारो १ (निळसर फिकट राखाडी). हा हिरवा तपकिरीवर धुराच्या वलयांसारखा फवारलेला असायचा. कुठे पूर्ण कडी, कुठे अर्धी, कुठे नुसते वेडेवाकडे ठिपके. आणि हे विमान तीन कारखान्यांत बनत होतं: वारेझेला माक्कीकडे, मिलानजवळ सेस्तो सान जोव्हान्नीला ब्रेडाकडे आणि ट्रासिमेनो सरोवराकाठी पासिन्यानोला एसएआय आम्ब्रोझिनीकडे. ब्रेडाने तर मूळ कंपनीपेक्षाही जास्त विमानं बनवली. प्रत्येक कारखान्यातल्या रंगाऱ्यांचा हात वेगळा. कड्यांचा आकार, दाटी आणि त्या कुठवर उतरतात हे सगळं बदलतं.

मग ओळखायचं कसं? शेपटीजवळ धडावर 'एमएम' अशी अक्षरं आणि पुढे आकडा असतो. तो त्या विमानाचा लष्करी क्रमांक. कारखान्यांना हे क्रमांक सलग गट्ठ्याने दिलेले असायचे, त्यामुळे क्रमांक वाचता आला की कारखाना आणि उत्पादनाची मालिका दोन्ही कळतात. फोटो धूसर असेल, एमएम दिसत नसेल, तर तो फोटो बाजूला ठेवा आणि दुसरं विमान शोधा. हजाराच्या वर फोल्गोरे बनली, चांगले फोटो पुष्कळ आहेत.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन. ज्यांनी ही विमानं केली आहेत त्यांनी भर घालावी.

टर्पेंटाइन

ताई, वाखूसा (वाचनखूण साठवली). कितीतरी दिवसांनी या विषयावर मन लावून लिहिलेलं वाचलं.

मी भर घालतो ती लाकडाची. हल्ली सगळे जण मॉडेल जुनं दिसावं म्हणून रंगाचे टवके उडालेले दाखवतात. पंखाच्या मुळाशी चंदेरी, इंजिनाच्या झाकणावर चंदेरी. धातूच्या विमानावर ते शोभतं. पण सावोइया-मार्केत्ती एसएम.७९ स्पारव्हिएरो या बॉम्बरचे पंख लाकडी होते. धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि त्यावर पुढे ड्युरॅल्युमिन, मागे प्लायवुड आणि कापड. कांट झेड.१००७ अल्चोने तर जवळपास सगळंच लाकडाचं. अशा पंखावर चंदेरी टवका आला कुठून? रंग उडाला तर खाली फार तर प्रायमर दिसेल, नाहीतर लाकूड. जुन्या साच्यांत लाकडी पंखावर रिव्हेटचे उठलेले दाणे सापडले तर निर्धास्त घासून टाका.

एसएम.७९ वर काम करताना मी धडाचे तीन भाग पेन्सिलीने आखून घेतो: धातू कुठे, प्लायवुड कुठे, कापड कुठे. धातूच्या भागावर पॅनल लाइनचा वॉश (पत्र्याच्या सांध्यांच्या रेघांत सोडलेला पातळ रंग) गडद, प्लायवुडवर अगदी पुसट, कापडावर फक्त बरगड्यांच्या मधल्या खोलगट जागी थोडी सावली. एकाच हिरव्या रंगाखाली तीन निरनिराळे पदार्थ आहेत हे हातभर अंतरावरूनही जाणवतं. हे जमलं की मॉडेल उभं राहतं. बाकी कितीही वेदरिंग करा, एवढा परिणाम साधत नाही.

आणि ज्यांना दुपंखी विमान करायचंय पण तारा ओवायची धास्ती आहे, त्यांनी फियाट सीआर.४२ फाल्को घ्यावं. चेलेस्तिनो रोझातेल्लीची रचना, पहिलं उड्डाण १९३८. दोन पंखांच्या मध्ये तारांऐवजी तिरप्या कडक दांड्यांची जाळी आहे, आपल्या रेल्वे पुलांवर दिसते तशीच वॉरन पद्धतीची. म्हणजे पंखांमध्ये तारा जवळपास नाहीतच. इटालेरी कंपनीचं १/७२ किट सोपं आहे. १/३२ मध्ये आयसीएमचंही आहे, पण त्याला जागा हवी.

नवा_भिडू

पंखवेडीताई, टर्पेंटाइन काका, दोघांचेही आभार. माझ्याकडे १/७२ फोल्गोरे पडून आहे. कड्यांच्या भीतीनेच हात लावलेला नाही. एअरब्रश (रंग फवारायचं पेन) आत्ताच घेतलाय, केक सजवणारे वापरतात तसला छोटा कॉम्प्रेसर आहे. त्याने कडी जमतील का? की ब्रशने काढू? तयार कड्यांचे डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) मिळतात असंही ऐकलंय.

पंखवेडी

@नवा_भिडू, तो कॉम्प्रेसर चालेल, फक्त दाब कमी करता आला पाहिजे. १० ते १२ पीएसआयच्या वर जाऊ नका. नोझल ०.२ मिलिमीटरचं असेल तर उत्तम, ०.३ नेही होतं.

गणित असं. खऱ्या विमानावर कडीची रेघ समजा ७ सेंटिमीटर रुंद असेल तर १/७२ मध्ये ती १ मिलिमीटरची झाली. तेवढी बारीक रेघ मारायची तर रंग नेहमीपेक्षा पातळ हवा, दुधाहूनही पातळ, आणि सुई पृष्ठभागाच्या अगदी जवळ. जवळ गेल्यावर हवेने रंग पसरून कोळ्याच्या पायांसारख्या रेघा फुटतात. तसं झालं तर दाब आणखी उतरवा. रंग वाढवू नका. सुईवरची टोपी काढून ठेवली तर जवळ जाता येतं, पण सुईला धक्का लागू देऊ नका.

आधी खोडरबर, जुना पंख, प्लास्टिकचा चमचा, काहीही घ्या आणि कडी काढत राहा. हात मनगटातून फिरला पाहिजे. गोल पूर्ण झाला की लगेच बोट सोडायचं, नाहीतर जिथे रेघ मिळते तिथे ठिपका जाड होतो. गंमत म्हणजे खऱ्या विमानांच्या फोटोंतही ते जाड सांधे दिसतात, कारण तिथेही माणूस रंग फवारायचं पिस्तूल घेऊन हेच करत होता. तेव्हा सगळ्या कडी एकसारख्या यायच्या नाहीतच. एकसारख्या आल्या तर उलट खोट्या दिसतात.

विमानावर काढताना शेपटीकडून नाकाकडे या. हात बसेपर्यंत शेपटीकडचा भाग होऊन जातो आणि नाकापाशी पोचताना तुम्ही सरावलेले असता. नजर नाकावरच जाते. दोन्ही रंग एकदम तयार ठेवा. हिरवा बाहेर गेला की तपकिरीने आतून कोरायचा, मग परत हिरवा. निम्मी कारागिरी या दुरुस्तीतच आहे.

डिकलबद्दल: मिळतात, आणि सपाट पंखावर ठीक बसतात. पण पंखाच्या मुळाशी आणि इंजिनाच्या झाकणावरच्या उंचवट्यांवर त्यांना सुरकुत्या पडतात, आणि कडा फार स्वच्छ दिसतात. ब्रशने मी करणार नाही. १/७२ मध्ये फवाऱ्याची मऊ कड ब्रशने येत नाही.

कॉकपिट आतून 'व्हेर्दे आन्तिकोरोझिओने' रंगाचा, म्हणजे गंजरोधक फिकट राखाडी हिरवा. अमेरिकन विमानांचा पिवळसर हिरवा तिथे लावू नका.

मिलानकर

पंखवेडी, अप्रतिम धागा. मी नोकरीनिमित्त मिलानला असतो, त्यामुळे प्रत्यक्ष बघण्याच्या जागा सांगतो. शहरातल्याच विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयात सी.२०५ व्हेल्त्रो आहे. फोल्गोरेचं पुढचं रूप, इंजिन डाइमलर-बेन्झ ६०५ च्या परवान्यावर बनवलेलं. माल्पेन्सा विमानतळाला लागून जुन्या काप्रोनी कारखान्यात व्होलांदिया संग्रहालय आहे, विमान उतरल्यावर चार तास हाताशी असतील तरी पाहून होतं. पण खरं तीर्थक्षेत्र म्हणजे रोमच्या उत्तरेला ब्राच्चानो सरोवराकाठचं विन्या दि व्हाल्ले, इटालियन हवाई दलाचं संग्रहालय. तुम्ही लिहिलेलं लाल एम.सी.७२ तिथेच आहे. एसएम.७९ सुद्धा. जगात धड अवस्थेतली एसएम.७९ मोजून दोन उरलीत, दुसरं ट्रेंतोच्या काप्रोनी संग्रहालयात. युद्धानंतर लेबनॉनने काही विमानं घेतली होती, ही दोन्ही त्यांतली.

एक सावधगिरी. संग्रहालयातला रंग हा पुरावा मानू नका. बहुतेक विमानं नंतर पुन्हा रंगवलेली आहेत. मोजमाप, आकार, चाकांच्या खोबणीतल्या नळ्या, कॉकपिटमधल्या खटक्यांच्या जागा यांसाठी तिथे फोटो काढा, रंगासाठी युद्धकाळातलेच फोटो बघा. तेही कृष्णधवल. त्यातही फिल्म कुठली होती यावर बरंच अवलंबून आहे: ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर पिवळा आणि लाल गडद येतात आणि निळा फिका. पिवळं नाक फोटोत काळपट दिसतं आणि लोक ते हिरवं रंगवून मोकळे होतात.

बोधचिन्हांचंही सांगतो, मला त्यांचा फार नाद आहे. चौथ्या स्टोर्मोचं (हवाई दलाची मोठी तुकडी) चिन्ह उभा उधळलेला काळा घोडा, पहिल्या महायुद्धातला वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का याच्याकडून आलेला. फेरारीच्या गाडीवर आहे तोच. १९३७ च्या इस्त्र-दमास्कस-पॅरिस शर्यतीत एसएम.७९ ने पहिले तीनही क्रमांक पटकावले, त्या विमानांवर तीन हिरवे उंदीर होते. पुढे ५१ व्या स्टोर्मोच्या लढाऊ विमानांनी आपल्या शेपटीजवळ काय रंगवावं? हिरवे उंदीर पकडणारी काळी मांजर. बॉम्बरवाल्यांना डिवचणं चालू होतं. हे डिकल १/७२ मध्येही इतकं बारीक छापलेलं मिळतं की मांजरीचे पंजे मोजता येतात.

कृष्णाकाठ

मॉडेलिंगमधलं मला फारसं कळत नाही, इतिहास वाचतो. एक प्रश्न आहे आणि तो टोचण्यासाठी विचारत नाही. या विमानांच्या पंखांवर फाशिओचं चिन्ह आहे. काठ्यांची मोळी आणि कुऱ्हाड, मुसोलिनीच्या पक्षाचं. घरातल्या कपाटात ते मांडताना तुम्हाला काय वाटतं? इथिओपियावर १९३५-३६ मध्ये याच हवाई दलाने मस्टर्ड वायू टाकला. २६ एप्रिल १९३७ ला गेर्निकावर जर्मनांबरोबर इटालियन एसएम.७९ होती. मार्च १९३८ मध्ये बार्सिलोनावर तीन दिवस बॉम्ब पडले तेही मायोर्काहून उडालेल्या इटालियन विमानांचे. वर शर्यत जिंकलेल्या एसएम.७९ चं कौतुक वाचलं, म्हणून विचारावंसं वाटलं. तेच विमान आहे हे.

पंखवेडी

@कृष्णाकाठ, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. हा प्रश्न धाग्यात यायलाच हवा होता.

हो, तेच विमान आहे. मी एसएम.७९ करते तेव्हा त्याच्या शेजारच्या पट्टीवर फक्त तांत्रिक माहिती लिहीत नाही. कुठली तुकडी, कुठला तळ, आणि त्या तुकडीने काय केलं, हे लिहिते. स्पेनमधलं विमान असेल तर बार्सिलोना लिहिते. ते न लिहिता नुसता सुंदर आकार मांडणं मला पटत नाही. चिन्ह गाळून विमान करणंही मला पटत नाही, कारण मग ते विमान कोणाचं होतं हेच पुसलं जातं. माझी भाची येऊन विचारते की हे काय आहे, तेव्हा मला तिला सांगता आलं पाहिजे.

ज्यांना ते चिन्ह घरात नकोच आहे त्यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे, आणि त्यांच्यासाठी रस्ताही आहे. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शस्त्रसंधी जाहीर झाली आणि हवाई दल दुभंगलं. उत्तरेत जर्मनांच्या बाजूचं, दक्षिणेत दोस्तांच्या बाजूचं. दक्षिणेतल्या विमानांवर हिरवा-पांढरा-लाल असा गोल आला. तीच सी.२०२ आणि सी.२०५, फक्त फाशिओची चिन्हं खरवडून किंवा रंगाने झाकून वर नवा गोल. या विमानांना मुख्यतः बाल्कनमध्ये पाठवत, म्हणजे इटालियनांना इटालियनांवर गोळ्या झाडाव्या लागू नयेत. मॉडेल म्हणून तर ही फार रंजक आहेत: जुन्या चिन्हाच्या जागी ताज्या रंगाचा चौकोन, आजूबाजूला उन्हाने विटलेला जुना रंग. पुढे त्या दलाला दोस्तांकडून एअराकोब्रा, स्पिटफायर आणि बाल्टिमोरही मिळाली.

कृष्णाकाठ

उत्तर आवडलं. पट्टीवर लिहिण्याची पद्धत विशेष. माझं म्हणणं मी मागे घेत नाही, पण अशा हातांनी हे काम होत असेल तर होऊ दे.

टर्पेंटाइन

@कृष्णाकाठ, या चिन्हांबाबत एक तांत्रिक गोष्ट, कारण डिकल लावताना बहुतेक जण इथे फसतात. धडावरचं फाशिओचं छोटं गोल चिन्ह डाव्या-उजव्या बाजूंसाठी वेगवेगळं असतं. कुऱ्हाडीचं पातं दोन्हीकडे विमानाच्या नाकाच्या दिशेला. डिकलच्या कागदावर ती जोडी शेजारी-शेजारी छापलेली असते आणि कापताना अदलाबदल होते. आणि शेपटीवरचा पांढरा क्रूस हा सावोय राजघराण्याचा आहे, तो १९४० च्या जूनपासून तिरंगी पट्ट्यांच्या जागी आला. म्हणजे शेपटीवर राजा आणि पंखावर पक्ष. १९४३ च्या जुलैमध्ये राजानेच मुसोलिनीला अटक करवली. एकाच विमानावर दोन्ही आहेत, हे मला प्रत्येक वेळी विचारात पाडतं.

फौजी_माणगाव

वाचनमात्र होतो, पण इथे राहवलं नाही. इटलीशी आपला संबंध पुस्तकी नाही. १९४१ च्या मार्चमध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन लढली. २७ मार्चला केरेन पडलं. पुढे हीच बटालियन इटलीत गेली. १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. आमच्या माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये इटलीत मोन्तोने इथेही त्यांचं स्मारक झालं.

माझा प्रश्न हा: केरेनच्या वेळी तिकडच्या आकाशात इटालियनांची कुठली विमानं होती? त्यांतलं एखादं करून ते केरेनच्या नकाशासोबत ठेवायची इच्छा आहे.

पंखवेडी

@फौजी_माणगाव, तुमच्यासाठी उत्तर एकच: सीआर.४२.

पूर्व आफ्रिकेतली इटालियन वसाहत युद्ध सुरू होताच तुटून पडली. सुएझ ब्रिटिशांकडे, समुद्र बंद. नवी विमानं पाठवायची कशी? इटलीहून सावोइया-मार्केत्ती एसएम.८२ या अवाढव्य मालवाहू विमानाच्या पोटात सीआर.४२ सुटं करून घालायचे आणि लिबियामार्गे तिकडे न्यायचे. विमानाच्या पोटात विमान. तिथल्या ४१२ व्या स्क्वाड्रिल्यातला (म्हणजे स्क्वाड्रनसारख्या छोट्या तुकडीतला) मारियो व्हिझिन्तिनी हा त्या युद्धात दुपंखी विमानावर सर्वाधिक विजय मिळवणारा वैमानिक मानला जातो. तो केरेनची लढाई ऐन भरात असताना, ११ फेब्रुवारी १९४१ ला, अपघातात गेला. मार्चपर्यंत तिथलं इटालियन हवाई बळ जवळजवळ संपलं होतं. म्हणजे मराठे शेवटची चढाई करत होते तेव्हा आकाश बहुतांशी ब्रिटिश विमानांचंच होतं.

रंगाच्या दृष्टीने लक्षात ठेवा, हे ताव्होला १० च्या आधीचं विमान. कड्या नाहीत. पिवळसर पायावर हिरवे आणि तपकिरी ठिपके, खालून राखाडी किंवा चंदेरी. उन्हाने फिकं झालेलं दाखवायला हरकत नाही. पंख आणि मागचं धड कापडाचं आहे, तेव्हा टर्पेंटाइन काकांचा नियम इथेही: कापडावर चंदेरी टवके नाहीत.

याच प्रकारचं एक विमान ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयात जपलेलं आहे. ११ नोव्हेंबर १९४० ला इंग्लंडवर निघालेल्या तुकडीतलं, इंजिन बिघडून ऑरफर्डनेसच्या किनाऱ्यावर उतरलं. एमएम ५७०१. धडाचे जवळून काढलेले फोटो सहज मिळतात, दांड्यांच्या जोडासाठी ते नक्की पाहा.

फौजी_माणगाव

झालं, सीआर.४२ ठरलं. मनापासून आभार. शेजारी केरेनचा नकाशा आणि बटालियनचं नाव.

मांडवीकाठ

पणजीहून विचारतो. जून ते सप्टेंबर इथे लॅकर रंग मारला की पृष्ठभागावर पांढुरकी साय धरते. पंखवेडीबाय, नाशकात एवढा त्रास नसेल. काय करता?

टर्पेंटाइन

@मांडवीकाठ, दादरलाही तेच. लॅकरचं द्रावण भराभर उडतं, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ रंगात बसते, म्हणून ती साय. थिनरमध्ये थोडं रिटार्डर घाला म्हणजे उडणं मंदावतं. पातळ थर द्या, एका जागी भिजवू नका. साय आलीच तर दुसऱ्या दिवशी नुसत्या थिनर-रिटार्डरचा हलका फवारा मारा, बहुतेक वेळा जाते. सर्वात चांगलं म्हणजे पावसाळ्यात कापणं, जोडणं, पुट्टी आणि सँडिंग करायचं आणि मॅट कोट (चमक घालवणारा शेवटचा थर) ऑक्टोबरसाठी ठेवायचा. मॅट कोटवर आलेली साय सर्वात हट्टी.

वऱ्हाडी_पाखरू

आमच्या अकोल्यात उलटं. मे महिन्यात ॲक्रिलिक सुईच्या टोकावरच वाळतं. कड्या काढायला घेतल्या तर दोन कड्यांनंतर फवारा बंद.

पंखवेडी

@वऱ्हाडी_पाखरू, ॲक्रिलिकचं रिटार्डर दोन थेंब, आणि शेजारी थिनरमध्ये बुडवलेली कानकाडी ठेवा. चार-पाच कड्यांनंतर सुईचं टोक पुसायचं. पहाटे बसता आलं तर सगळ्यात छान.

नवा_भिडू

सगळं वाचून काढलं. खोडरबरावर कडी काढायला लागलोय, हळूहळू येतात. विमानही ठरवलं: चौथ्या स्टोर्मोच्या ९० व्या स्क्वाड्रिल्याचं '९०-४', वॉशिंग्टनच्या संग्रहालयातलं फोल्गोरे याच क्रमांकाने रंगवलंय. एकच शंका. धडावरचा पांढरा पट्टा डिकलने द्यावा की रंगाने? आणि तो आधी की कड्यांनंतर?

पंखवेडी

@नवा_भिडू, निवड चांगली आहे, पण मिलानकरांनी संग्रहालयातल्या रंगाबद्दल जे लिहिलंय ते डोक्यात ठेवून त्याच स्क्वाड्रिल्याचे युद्धकाळातले फोटोही शेजारी ठेवा.

पट्टा रंगानेच द्या. डिकलखालून हिरवी कडी दिसते. क्रम असा: प्रायमरनंतर सर्वात आधी पट्ट्याची जागा पांढरी करा, दोन पातळ हात. पूर्ण वाळू द्या, मग अचूक रुंदीची मास्किंग टेप लावा आणि ती शेवटपर्यंत काढू नका. शेपटीच्या क्रूसाचंही तसंच. त्यानंतर तपकिरी, मग कड्या. कड्या टेपवरून बिनधास्त जाऊ द्या, पट्ट्यापाशी थांबायला गेलात तर दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहते आणि ते लगेच खटकतं. टेप काढताना स्वतःवरच मागे दुमडून सावकाश ओढा. मग ग्लॉस कोट, डिकल, वॉश आणि शेवटी मॅट. काळा '९०' आणि '४' पट्ट्याच्या अलीकडे-पलीकडे कसे बसतात हे फोटोवरून मोजून घ्या. डाव्या आणि उजव्या बाजूला क्रम बदलतो.

कड्या झाल्या की डिकल लावायच्या आधीचे फोटो इथे टाका. त्या टप्प्यावर सुधारणा करता येते.